वंगणमामांची स्लो सायकल

कंपनीचे साहेब दुकानात आले तेव्हा बसायला स्टूल होतं, पण ते नेमके ग्रीसच्या डब्यावर बसले. उठले तेव्हा डबाही त्यांच्याबरोबर वीतभर उठला.

वंगणमामांनी तो हलक्या हातानं सोडवून घेतला आणि म्हणाले, "आपलंच ग्रीस आहे साहेब. एकदा धरलं की सोडत नाही."

साहेब हसले नाहीत. कारण ते ज्या कामासाठी आले होते ते हसण्यासारखं नव्हतंच. गावात कंपनीच्या इंजिन ऑइलच्या दोन एजन्सी होत्या. पुढच्या वर्षापासून एकच ठेवायची, असं वरून ठरलं होतं.

"कुणाची ठेवणार?" मामांनी विचारलं.

"ते खेळावर ठरेल."

मामांना वाटलं, चिठ्ठ्या टाकणार. पण साहेबांनी खिशातून मोबाइल काढला आणि एक लांबलचक लाल गाडी दाखवली. जमिनीला पोट टेकलेली, अंगभर कंपनीचं नाव लिहिलेली. कंपनी म्हणे जगभर खेळांना पैसा पुरवते. गाड्यांच्या शर्यती तर आहेतच, पण होड्यांच्या, फुटबॉलच्या, आणि कुठे कुठे तर बर्फावरून घसरण्याच्यासुद्धा.

"घसरायचं असेल तर आपलं तेल लागणारच," मामा म्हणाले.

साहेब याहीवर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की यंदा प्रत्येक एजन्सीनं आपल्या भागात एक शर्यत भरवायची. कंपनी झेंडे देईल, टोप्या देईल, शेवटच्या रेषेपाशी रचायला जुने टायर देईल, अगदी मोठ्या शर्यतीत रचतात तसे. आणि कंपनीचा एक खराखुरा रेसर पाहुणा म्हणून येईल. "ज्याची शर्यत रंगेल, त्याची एजन्सी राहील," असं म्हणून साहेब गेले. जाताना त्यांची पँट मागून चकाकत होती, पण ते सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.

आतल्या दारात उभ्या असलेल्या मामींनी सगळं ऐकलं होतं. दुकान पुढे आणि बिऱ्हाड मागे, मध्ये एकच दार. त्या दारात उभं राहून मामी दुकानही ऐकत आणि भाजीही जळू देत नसत. त्यांनी पदराला हात पुसले आणि एवढंच विचारलं, "दुसरी एजन्सी म्हणजे आपल्या धाकटीचीच ना?"

"दुसरी कुठली असणार?" मामा म्हणाले. "माझे साडूच. वैरी परवडला, साडू नको."

ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. मामींची धाकटी बहीण चौकापलीकडे राहायची. तिचा नवरा पूर्वी मामांच्याच दुकानात बसायचा. गिऱ्हाइकं कोण, कुठला ट्रकवाला कुठलं तेल नेतो, सगळं तिथे शिकला, आणि कंपनी नव्या एजन्सी वाटायला लागली तेव्हा एक दिवस चौकापलीकडे त्यानं स्वतःची पाटी लावली. मामा दोन दिवस जेवले नाहीत. मामी मात्र तडक धाकटीकडे गेल्या. मामींचा आवाज इतका मऊ की फेरीवाल्याला हाक मारली तर तो दोन घरं पुढे जाऊन थांबायचा. पण त्या दिवशी तोच मऊ आवाज सुरीसारखा चालला. "तुझा नवरा म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा," त्या बहिणीला तिच्याच उंबऱ्यात म्हणाल्या. धाकटी म्हणाली, "ताई, पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस." तेव्हापासून दोघी भाजीबाजारात समोरासमोर आल्या की एक वांग्यांकडे बघायची, दुसरी दुधीकडे. मामींना दुधी आवडत नसे, पण पिशवी भरून दुधी घरी यायचा.

बोललेलं वाक्य परत घेता येत नाही. मामींनी मग एक व्रत धरलं. पहाटे उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत मौन. तोंडातून शब्द नाही, कागदावर अक्षर नाही. निदान अर्धा दिवस तरी आपल्या जिभेनं कुणी दुखावू नये, एवढंच त्यांनी देवाशी बोलून घेतलं होतं. एकदा उकळतं दूध हातावर सांडलं तरी त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले होते.

या व्रताचा घरात खरा अभिमान होता तो मामांना. "हिचं मौन मला वाचता येतं," ते गिऱ्हाइकांना सांगत. "नुसती भुवई उचलली की मी समजतो." आणि हे ते मनापासून सांगत. मामींनी मिठाची खूण केली की ते छत्री आणून देत, आणि दार लावा म्हणून खुणावलं की दाढी करायला बसत. पण इतक्या प्रेमानं धावत जात की मामींना रागवणंही जमत नसे. शिवाय रागवणार कशा, बारा वाजायचे असत.

तर शर्यत. मामांनी दुसऱ्याच दिवशी गावाबाहेरचं मोकळं मैदान मागायला फोन केला. मैदान साडूनं आधीच घेतलं होतं. संध्याकाळी तिथे मोटरसायकलींची शर्यत, धूळ, लाउडस्पीकर, मांडव.

"झालं," मामा म्हणाले. "आता आपण काय गल्लीत लिंबू-चमचा धावायचं?"

"गल्लीत स्लो सायकल होईल की," मामी भाजी निवडता निवडता म्हणाल्या. संध्याकाळ होती, त्यामुळे बोलायला मोकळीक होती.

"जो शेवटी पोचेल तो पहिला, तीच ना? अगं, ही वेगाची कंपनी आहे. त्यांच्या डब्यावर चित्ता आहे."

"चित्त्यालाही कधीतरी बसावं लागतं."

मामांनी डब्यावरच्या चित्त्याकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, "नाही तरी दुसरं काय आहे हातात."

गल्लीला मात्र ही शर्यत फार पसंत पडली. पळायचं म्हटलं असतं तर कुणी आलं नसतं, पण हळू जायचं म्हटल्यावर प्रत्येकाला आपल्यात गुण दिसू लागला. बँकेतल्या कॅशियरनं नाव दिलं. त्याच्या खिडकीपुढची रांग बघणाऱ्यांनी तेव्हाच त्याला अर्धा विजेता ठरवलं. सलूनवाला आला, पोस्टमन आला, शाळेचे ड्रिलमास्तर आले. मामींनीही नाव दिलं. दोघी बहिणी लहानपणी एकाच सायकलवर वाढल्या होत्या, आणि जागच्या जागी सायकल उभी धरण्यात दोघींचा हात धरणारं कुणी नव्हतं. मामींच्या मनात साधा हिशेब होता. आपण जिंकलो तर दुकानाची बाजू जड होईल.

शर्यत दुपारी ठरली होती. पण आदल्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला की रेसरला दुपारी दुसरीकडे एक कार्यक्रम आहे, तेव्हा तुमची शर्यत सकाळी दहाला उरकू, साडूंची संध्याकाळी आहेच. मामा "हो हो" म्हणाले. मामींनी ऐकलं आणि मनात म्हटलं, ठीक आहे. सायकल चालवायला तोंड कशाला लागतं?

सकाळी सगळ्यांनी आपापल्या सायकली दुकानासमोर आणून लावल्या आणि चहाला गेले. कंपनीचे स्टिकर चिकटवायचे होते. मामांनी पहिला स्टिकर चिकटवला, सायकल जरा पुढे ढकलून पाहिली, आणि ती कुरकुरली. दुसरीही कुरकुरली. पोस्टमनची तर अशी किंचाळली की वरच्या खिडकीतून कुणीतरी खाली पाहिलं.

कंपनीचं नाव लावलेली सायकल, आणि तिची चेन किरकिरतेय? साहेब काय म्हणतील? नाक कापलं जाईल. मामांनी लांब चोचीची तेलाची डबी घेतली आणि कंपनीचं सगळ्यात महाग, रेसच्या गाड्यांत घालतात ते तेल भरून कामाला लागले. चेन, फ्रीव्हील, पॅडल, दोन्ही चाकांचे आस. हात असा सैल सोडला होता जणू पाहुण्यांना तूप वाढतायत.

मामी देवापुढून उठून बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच खिळल्या.

स्लो सायकलला बुळबुळीत सायकल म्हणजे आंधळ्याला बर्फ. गल्ली डोळ्यांना सपाट दिसायची, पण बादली लवंडली की पाणी मुकाट्यानं चौकाकडे जायचं. तेल प्यायलेली सायकल त्या उतारावर क्षणभर उभी राहणार नव्हती. मामींनी दोन्ही हात उंच करून हलवले.

"आलो आलो, होत आलंच," मामा म्हणाले.

मामींनी चाकाकडे बोट दाखवलं. मग बोट हवेत गरगर फिरवलं, म्हणजे चाकं अशी सुटतील. आणि मग हात गळ्यावरून आडवा फिरवला, म्हणजे संपलं सगळं.

मामांचा चेहरा उजळला. "चाकांनाही गोल फिरवून लावू? अगदी कडेपर्यंत?" त्यांनी फडकं तेलात बुडवलं आणि रिमवरून फिरवायला घेतलं. "बरोबर आहे तुझं. चमक येते. नाहीतरी शर्यतीत ब्रेक लावायला बंदीच आहे."

मामींनी कपाळाला हात लावला.

"डोकं दुखतंय का? उन्हात नको उभी राहू."

एक शब्द. नुसता "नको" एवढा एकच शब्द. तो मामींच्या जिभेच्या टोकापर्यंत आला होता. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, मग तेल ठिबकणाऱ्या सायकलींकडे. दुकान गेलं तर काय उरणार होतं हे त्यांना चांगलं कळत होतं. पण देवाला दिलेला शब्द तेलापायी मोडायचा, तर मग देवाला शब्द दिलाच कशाला? आणि त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यातून कुणीतरी हळूच विचारलं, हे व्रत आहे की हट्ट? मामींनी त्याला नंतर ये म्हणून सांगितलं आणि कोपऱ्यातलं फडकं उचलून स्वतःच रिम पुसायला बसल्या.

पण वंगणाच्या दुकानात कोरडं फडकं मिळणं म्हणजे माशांच्या बाजारात अत्तर मिळणं. त्या फडक्यात आधीचं सहा महिन्यांचं तेल मुरलेलं होतं. मामी जितकं पुसत तितकी रिम चमके. मामा कौतुकानं बघत उभे राहिले. "दोघांनी केलं की काम कसं पटकन होतं," ते म्हणाले.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

रेसर म्हणून सगळ्यांनी एखादा मिशीवाला, छाती फुगवलेला माणूस डोळ्यांपुढे आणला होता. गाडीतून उतरली ती पोरगेलीशी, चष्मा लावलेली, झोप न झालेली एक मुलगी. अंगावरच्या लाल सूटवर इतक्या कंपन्यांची नावं की कापड कुठलं ते कळत नव्हतं. तिनं सगळ्यांना नमस्कार केला, सायकली पाहिल्या आणि विचारलं, "मीही खेळू का?"

"पण ताई, यात जो हळू जाईल तो जिंकतो," ड्रिलमास्तर म्हणाले.

"मग जमेल. यंदा माझं तेच चाललंय."

साहेबांना खोकला आला.

गाडीच्या मागोमाग साडू आणि धाकटी पोचली होती. साडूनं पांढरा शर्ट आणि काळा चष्मा घातला होता, आणि मांडव पाहणाऱ्या व्याह्यासारखा तो मागे हात बांधून टायरांभोवती फिरला. "छान छान," तो मामांना म्हणाला. "घरगुती आहे. साडूभाऊ, संध्याकाळी या आमच्याकडे. तिकडे जरा गाड्या बिड्या आहेत."

"येऊ की," मामा म्हणाले. "कानात कापूस घालून येऊ."

धाकटीनं ताईच्या हातातली सायकल पाहिली, रेषेकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हातात पर्स दिली. "मीही खेळते. बघू तरी कसली शर्यत आहे ती."

"अगं, तू आपल्या बाजूची ना?" साडू दबक्या आवाजात म्हणाला.

"म्हणूनच. यांची बाई जिंकायला नको." आणि एक मोकळी सायकल घेऊन ती मामींच्या शेजारीच उभी राहिली. मामींनी समोर पाहिलं. समोर दुधी नव्हता, त्यामुळे कुठे बघावं कळेना.

गल्ली दोन्ही अंगांनी भरली होती. लोक ओट्यांवर, जिन्यांवर, खिडक्यांत. साहेबांनी नियम वाचले. ब्रेक लावायचा नाही, पाय टेकायचा नाही, मागे फिरायचं नाही. टायरांच्या भिंतीपाशी जो सगळ्यात शेवटी येईल तो पहिला. मग त्यांनी चौकड्यांचा झेंडा खाली केला.

सगळ्यांनी पाय पॅडलवर ठेवले. एवढंच. पॅडल कुणी मारलंच नाही. सायकली आपणहून निघाल्या.

पहिले काही क्षण लोकांना वाटलं की ही काहीतरी नवी तऱ्हा असेल. मग कॅशियर, ज्याच्या खिडकीपुढे माणसं म्हातारी होत, तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाऱ्यासारखा गेला. "अहो थांबा, थांबा," तो स्वतःच्याच सायकलला म्हणत होता. पोस्टमन त्याच्या मागे. पोस्टमनला गल्लीनं इतक्या वेगात कधी पाहिलं नव्हतं, आणि एका आजोबांनी "माझं पत्र आहे का रे" असं विचारलं तोवर तो पुढे गेलाही. ड्रिलमास्तरांनी नियम सोडून सरळ ब्रेक दाबला. काही झालं नाही. दुसरा दाबला. त्याचंही काही झालं नाही. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि शेवटपर्यंत वाजवत गेले. सलूनवाल्यानं वाटेत आपल्याच दुकानाच्या खांबाला हात घातला, पण हाताला तेल होतं.

रेसर सगळ्यांत आधी टायरांत शिरली. टायरांत कसं शिरायचं हे तिला सवयीनं ठाऊक होतं, त्यामुळे ती छान शिरली. डोकं बाहेर काढून ती साहेबांना म्हणाली, "सर, यंदा पहिल्यांदाच पहिली आले. आणि तेही हरले."

मागे दोघीच राहिल्या होत्या. लहानपणची विद्या अंगात मुरलेली. मामी हँडल डावीकडे-उजवीकडे वळवत नागमोडी उतरत होत्या, म्हणजे वाट लांबेल. धाकटीही तेच करत होती. दोघींच्या वळणांची गाठ पडली ती नेमकी गल्लीच्या मध्यावर. धाकटीची सायकल एकदम पुढे निसटायला लागली आणि तिनं काहीही न बघता हात टाकला. तो ताईच्या हँडलवर पडला. मामींनी तो हात वरून दाबून धरला. आता दोन सायकली मिळून एक चारचाकी झाली आणि ती रमतगमत, वाकडी-तिकडी चालू लागली.

"सोड," धाकटी म्हणाली. "नको, सोडू नकोस, पडेन मी."

मामींनी सोडलं नाही.

"बोलत का नाहीस? तोंडात काय धरलंयस? हां, तुझं ते मौन. मला सांगितलंय सगळ्यांनी. बरंय तुझं. बोलायचं ते आधी बोलून घ्यायचं आणि मग गप्प बसायचं." सायकली उजवीकडे गेल्या. धाकटीनं सावरलं. "नागोबा म्हणालीस. माझ्या दारात. शेजारीण धुणं वाळत घालत होती, तिनं ऐकलं. आजही ती यांना बघून हसते. आणि तू एकदाही आली नाहीस नंतर. मी येऊ नको म्हटलं म्हणून काय झालं? मी रागात म्हटलं. तू मोठी ना? मोठ्यांनी येऊ नको म्हटलं तरी यायचं असतं."

मामींचे डोळे भरून आले, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली.

"मान काय हलवतेस? बाजारात तू दुधी घेतेस. तुला दुधी चालत नाही, मला माहीत नाही का? मी घरी येऊन रडायची. हे विचारायचे काय झालं, मी म्हणायची कांदा चिरलाय. कांदा नसायचा घरात." ती थांबली, श्वास घेतला. "आणि हे दुकान काढलं तेव्हा माझं तरी ऐकलं का यांनी? पण तुझ्यासमोर मी तसं म्हणणार होते का? तू आधीच सुरू झालीस."

एवढा वेळ कुणी मध्ये बोललं नव्हतं, म्हणून धाकटीचं सगळं बोलून झालं. आयुष्यात पहिल्यांदाच ताईनं तिला वाक्य पूर्ण करू दिलं होतं. ते तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण ती एकदम गप्प झाली आणि बघता बघता टायर आले. दोघी हळूच, एकमेकींच्या अंगावर, काळ्या मऊ टायरांत जाऊन बसल्या. सायकली वर, बहिणी खाली.

गल्लीत जो हशा पिकला तो साहेबांना आवरेना. साहेब स्वतः हसत होते. डोळे पुसत म्हणाले, "इतक्या शर्यती पाहिल्या, पण मी शेवटचा कधी हसलो ते आठवत नाही. विजेता कोण?"

दोघी एकदमच पोचल्या होत्या. एका हँडलवर दोन हात होते, गल्लीनं पाहिलं होतं.

आणि तिथे साडू आणि मामा दोघांनाही कंठ फुटला. "माझी बायको पहिली आलीय साहेब," साडू म्हणाला. मामा म्हणाले, "शर्यत माझी, गल्ली माझी, तेल माझं." "तेल तर दिसलंच, साडूभाऊ. स्लो सायकलला तेल लावणारा माणूस एजन्सी सांभाळणार?" "आणि माझ्या दुकानात बसून शिकलेला?" "शिकलो ते बरंच झालं. कुठे तेल घालायचं नाही तेही शिकलो."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "हे बघा, असंच भांडणार असाल तर संध्याकाळची शर्यतही नको. मला वर एकच नाव कळवायचंय, ते आत्ताच कळवतो," ते म्हणाले. मामींना कळलं की आता दोघांतलं एक दुकान इथेच, या टायरांपाशी बंद होणार. आपलं राहिलं तर धाकटीचं जाणार. तिचं राहिलं तर आपलं. सकाळपर्यंत त्यांना यातलं पहिलंच हवं होतं. आता दोन्ही नको होतं. त्यांनी धाकटीचा दंड धरला, आधी मामांच्या दुकानाकडे बोट दाखवलं, मग चौकापलीकडे, आणि मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली.

"ती म्हणतेय दोन्ही दुकानांना कुलूप लावा," मामा घाबरून म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही जरा गप्प बसा," धाकटी टायरातून उठत म्हणाली. "साहेब, तुम्हाला एकच एजन्सी ठेवायची आहे ना? मग एकच ठेवा. ताईच्या आणि माझ्या नावावर. दुकानं दोन राहू देत, एजन्सी एक. हेच म्हणतेय ती."

मामींनी डोळे मिटून मान हलवली.

"पण कंपनीत असा नियम नाही," साहेब म्हणाले.

"असं करू नये असा तरी नियम आहे का?"

रेसर टायरावर बसून चहा पीत होती, ती म्हणाली, "माझ्या गाडीवर चौदा कंपन्यांची नावं आहेत सर. कुणाचं कुणाशी भांडण नाही. गाडी तेवढी पळत नाही, पण त्याला नावं काय करणार?"

साहेब फोन घेऊन जिन्याखाली गेले. फोन बराच वेळ चालला. साडूनं काळा चष्मा काढून खिशात घातला होता आणि चष्म्याशिवाय तो पूर्वीसारखाच दिसत होता, दुकानात बसायचा तेव्हासारखा. मामांनी तेलकट हातानं त्याला चहाचा कप दिला. त्यानं घेतला. तेलानं कपाची नक्षी दिसेनाशी झाली होती, तरी त्यानं दोन्ही हातांनी धरला.

साहेब परत आले. "एक वर्ष करून बघा म्हणतायत. कामाला उतरलं तर पुढे चालू. पण पाटीवर भांडण नको."

"पाटीवर कुणाचं नाव आधी?" मामा आणि साडू एकदम म्हणाले.

"मोठीचं," धाकटी म्हणाली, आणि दोघांना तिथेच मिटवलं.

बारा वाजून गेले होते. कुणीतरी ते मामींना सांगितलं तेव्हा सगळे जण जवळ सरकले, आता मामी काय बोलतात ते ऐकायला. मामींनी घसा साफ केला. "आधी कुणी सायकलवर बसू नका," त्या म्हणाल्या. "रिम साबणानं धुवायला हव्यात. माणसांना घरी जायचंय." आणि पदर खोचून त्या नळाकडे गेल्या.

धाकटी बादली घेऊन मागोमाग आली. दोघींनी पहिली सायकल उलटी टेकवली. साबणाचा फेस काळा झाला, करडा झाला, मग पांढरा राहिला. मामी खाली बघत म्हणाल्या, "मी तुझ्या नवऱ्याला तसं बोलायला नको होतं. खोटं होतं म्हणून नव्हे. तुझ्या दारात बोलले म्हणून."

धाकटीनं चाक फिरवलं, हातानं थांबवून पाहिलं. थांबलं.

"बोललीस त्यात चूक काही नव्हतं ताई," ती म्हणाली. "पण ते मी म्हणायचं. तू नाही."

"बरं."

"आणि रोज संध्याकाळी म्हणते मी. तुला काळजी नको."

मामींना हसू आलं. त्या हसल्या की आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. धाकटीनं दुसरी सायकल ओढून घेतली आणि म्हणाली, "हिची चेनपण धुवायची का?"